लाल की हिरवी फुली

१२ जानेवारी
बरेच महिने वहीला तोंड दाखवलं नाही, त्याबद्दल माफी. कारण लिहिलं तर बहाणा वाटेल, नाही लिहिलं तर उद्धटपणा. लिहितो: बाबांचे डोळे. पण आता काळजी मिटल्यात जमा आहे, म्हणून तर लिहायला बसलो.

रायफल क्लबची ज्येष्ठांची मॅच फेब्रुवारीच्या मध्यावर आहे. बाबा ती कधी चुकवत नाहीत. नुसत्या डोळ्याने नेम धरणं त्यांना जमेनासं झालंय, पण ज्येष्ठांना रायफलीवर दुर्बीण चालते. दुर्बिणीला डोळा लावला की मधोमध बारीक फुली दिसते. ती लाल किंवा हिरवी उजळता येते. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की लाल की हिरवी. शास्त्रीय पद्धतीने ठरवणे. घाई करायची नाही.

१४ जानेवारी
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई म्हणाल्या, दोन्ही पडद्यांचा मधला भाग गेला आहे, तो परत यायचा नाही. कडेचं दिसेल, नेमकं समोरचं दिसणार नाही. मी विचारलं, मग लाल बरी की हिरवी? त्या म्हणाल्या, काय लाल? मी समजावून सांगितलं. त्या बाबांकडे बघत राहिल्या, बाबा खिडकीकडे.

बाई हुशार आहेत, पण रायफल कधी हातात धरली नसावी. त्यांचं मत त्या मर्यादेतच घ्यायला हवं.

१७ जानेवारी
दुकानदार म्हणाला, अंधारून आलं की लाल, लख्ख उन्हात हिरवी. मी विचारलं, सकाळी दहाचं ऊन लख्ख धरायचं का? शेवटी त्याने दोन्ही रंगांची दुर्बीण काढून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी ही म्हणाली, बाबांना विचारलंस का? म्हटलं, रंगाचं त्यांनाच विचारणार आहे. ही म्हणाली, रंगाचं म्हणत नाही मी. मग कशाचं, ते न सांगता कपड्यांच्या घड्या घालत बसली.

२० जानेवारी
पहिली चाचणी. गॅलरीत नुसती दुर्बीण स्टँडवर लावली, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर रोखून. आधी लाल. बाबा म्हणाले, छान. मग हिरवी. म्हणाले, ही पण छान. मी म्हटलं, बाबा, एक काय ते सांगा. त्यांनी विचारलं, तुला कुठली आवडली? म्हटलं, हिरवी. मग हिरवीच, म्हणाले, डोळ्याला थंड आहे.

बाबांच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण नाही. आमच्या क्लबात रिवाज आहे: गोळी सुटली की टार्गेट बघायच्या आधी, ती किती आकड्याच्या वर्तुळात आणि कुठल्या बाजूला लागली ते नेमबाजाने स्वतः मोठ्याने सांगायचं. त्याला कॉल देणं म्हणतात. बहुतेक जण थोडं आपल्या बाजूने सांगतात. बाबांनी आयुष्यात खोटा कॉल दिला नाही. गोळी वाया गेली तर ‘सात, खाली’ असं वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगून टाकायचे. मलाही तेच शिकवलं.

तरी मनाला विचारलं, मी त्यांच्या तोंडात उत्तर घातलं का? थोडं घातलं. पुढच्या वेळी घालायचं नाही.

२५ जानेवारी
बाबांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. दोष कपाचा. पांढरा कप, पांढरं टेबल, कोणाला दिसणार? संध्याकाळी हिरवे कप आणले. त्यांच्याही शेजारी ओतला. टेबलावरचा दिवा बदलून बघणे. ही फडकं फिरवता फिरवता म्हणाली, आता घरच हिरवं रंगवून काढ.

एक गोष्ट लागून राहिली आहे. बाबा हल्ली माझ्याकडे बघून बोलत नाहीत. मी जेवायला समोर बसतो आणि ते माझ्या कानाकडे बघत राहतात. रागावले असावेत. कदाचित लालच हवी होती.

२ फेब्रुवारी
दुसरी चाचणी, तोंडात उत्तर न घालता. बाबांनी डोळा लावला आणि आपणहून म्हणाले, आज हिरवी जरा सौम्य वाटते, सुरेख. मग मी बघितलं. फुली उजळलेलीच नव्हती. सेल उतरला होता, बटण माझ्याकडून चालू राहिलेलं.

विचार केला. रंग एकदा डोळ्यात बसला की काही दिवस राहत असावा. यावर कुठेतरी वाचायला हवं. नवे सेल आणले. हिला बोललो नाही.

९ फेब्रुवारी
रेंजवर सराव. रेंजमास्तर बाबांचे जुने दोस्त, दोघं एकमेकांना ‘म्हाताऱ्या’ म्हणतात. काय रे म्हाताऱ्या, दुर्बिणीवर आलास? मास्तरांनी डिवचलं. बाबा म्हणाले, पोराने एवढ्या हौसेने आणली, नाही कसं म्हणू. मी हसलो.

मास्तर म्हणाले, आधी रिकामी रायफल, गोळी सुटली असं धरून कॉल दे. बाबा बाकावर बसले, गाल लावला, श्वास सोडला. ट्रिगर टक् वाजला आणि त्यांनी जुन्याच आवाजात कॉल दिला: नऊ, किंचित उजवीकडे. मास्तर म्हणाले, बरोबर.

मी खुशीत समोर बघितलं. चौकट मोकळी होती. टार्गेटचा कागद अजून मास्तरांच्या काखेत होता.

मी मास्तरांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघायला लागले.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
गाडीत मी म्हटलं, बाबा, टार्गेट लावलेलंच नव्हतं. हो का, म्हणाले. म्हाताऱ्याने गंडवलं की मला. दोघंही हसलो. सिग्नलला मी विचारलं, तुम्ही खोटा कॉल का दिलात? म्हणाले, अरे, नेम तू धरला होतास. इतका जीव लावून. हुकला म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

फुली दिसते का, हे मी पहिल्यांदाच विचारलं. म्हणाले, फुलीच्या रेघा कडेला जाड होतात, तेवढ्या दिसतात. जिथे बघावं नेमकं तिथेच काही नसतं. आता युक्ती सापडली आहे, जे बघायचं त्याच्या शेजारी बघायचं. तुझा चेहरा हवा असेल तर कानाकडे बघतो. फक्त तू अगदी समोर बसतोस, मग मान अवघडते.

मागचा हॉर्न वाजवत होता. सिग्नल हिरवा होऊन गेला होता, मलाही दिसला नाही.

ही दारातच उभी होती. कुठला रंग ठरला, विचारलं नाही. माझ्या हातातून दुर्बीण घेतली आणि आत नेऊन ठेवली.

उद्या: जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची बाबांच्या समोरून काढून शेजारी लावणे.