आईच्या शालूतले पोप

बाबा, परवा तुमचे पोप पाहिले. म्हणजे अस्सल, पाचशे वर्षांपूर्वी तैलरंगात रंगवलेले, ज्यांची नक्कल तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात बसून केलीत, ते. युरोपातून काही महिन्यांसाठी इथे डॅलसच्या म्युझियममध्ये आले आहेत. धाकटी, आपली छोटी, पुण्याहून माझ्याकडे इथे डॅलसजवळ प्लेनोला आली आहे, तिलाच ते बघायचे होते. तिला माझं मोठं घर दाखवून झालं होतं, किचन दोनदा. मला जायचं नव्हतं. त्या चित्रावरून माझा जो जळफळाट झाला, तो अजून पुरता विझलेला नाही.

तुम्ही मिशनच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होतात आणि फादरना हॉलसाठी पोपचं मोठं चित्र हवं होतं. नमुना म्हणून त्यांनी दिलं जुन्या कॅलेंडरचं पान, तारखांबरोबर खालचा भागही कापलेला, त्यामुळे पोप छातीपर्यंतच. हात तुम्हाला कुणाला तरी समोर बसवून काढावे लागणार होते. स्वयंपाकघरात उजेड चांगला, म्हणून कॅनव्हास तिथे लागला आणि पोह्यांना टर्पेंटाइनचा वास यायला लागला. आईचा लाल शालू ट्रंकेतून बाहेर येतो तेव्हा मी आधीच खुर्चीत चढून बसलेली आहे. तुम्ही तो माझ्या खांद्यांवर टाकता, चार रेघा मारता आणि म्हणता, "तुझ्या अंगात काय किडे आहेत का गं? ऊठ. छोटीला बसव."

छोटी बसली. ढिम्म. रोज शाळेतून आली की ती शालू पांघरून पोप व्हायची आणि तुम्ही तिच्या बोटांकडे असे बघायचात, तसं मी तापाने फणफणले तरी माझ्याकडे बघितलं नाहीत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. हाकलून दिलं असतंत तरी चाललं असतं, पण मी तिथे आहे हे तुम्हाला दिसतच नव्हतं.

चित्र झालं, फादर बघायला आले. म्हणाले, "सर, पोप झोपल्यासारखे वाटतात. लोकांकडे बघू देत ना." कॅलेंडरात त्यांची नजर खाली होती. मग तुम्ही डोळे खरवडून पुन्हा काढायला बसलात. हात कधीच झाले होते, तरी छोटी खुर्चीतच. ते बघून तर माझा तिळपापड झाला.

परवा अस्सल चित्रासमोर छोटी फिस्सकन हसली. "ई, हात बघ किती जाडे! माझे बेटर होते यार." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी वर पाहिलं. डोळे थकलेले, खाली वळलेले, सगळं हरलेल्या म्हाताऱ्याचे.

"आपल्या पोपचे असे नव्हते," मी म्हटलं. "आपले केवढे खुनशी बघायचे. मुलं घाबरायची हॉलमध्ये."

"ताई, ते डोळे तुझे ना."

"काय?"

"तुला नाही माहीत? म्हणून तर बाबांनी मला बसवून ठेवलं होतं. मी उठायला लागले की म्हणायचे, हलू नकोस, तू उठलीस की ताईचा राग जातो, ती गोड दिसायला लागते."

परतताना हायवेवर गाडी मीच चालवत होते. तुम्ही मला बघत होतात, बाबा. आठवडाभर, दारातल्या मला, माझ्या रागासकट. आनंद झाला, इतका की एक्झिट चुकली. मग मी विचारलं, "तुला हे कधी सांगितलं त्यांनी?"

"तेव्हाच. सीक्रेट होतं आमचं."

आमचं! तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि पुन्हा माझ्या पोटात तस्संच दुखलं. माझे डोळे काढलेत आणि सांगितलंत तिला.

हे कुठे पाठवायचं, ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं. धाकटीने तिच्या फोनमधला तुमच्या चित्राचा फोटो मला पाठवला. तो मी भिंतीवर लावायला प्रिंट करून आणला आहे. तिला अजून दाखवलेला नाही, कारण कॅलेंडरसारखाच मीही तो खालून कापला. पोप छातीपर्यंतच आहेत.