मालेगावचं सूत आणि माझे दोन दात

१ जानेवारी १९८४, रविवार

नवी डायरी. डेपोत सगळ्यांना वाटल्या. मला शेवटची मिळाली, कव्हर फाटलेलं. एकोणीस वर्षं नाशिकच्या या स्टँडवर मी माईकवर बोलतोय आणि चांगल्या कव्हरची डायरी त्या चिंतामणला. तोही माईकवरच बसतो, पण नोकरी जेमतेम चार वर्षांची. पण हसतो. सगळेच्या सगळे दात दाखवून हसतो. साहेब लोकांना तेच लागतं.

संकल्प. मिश्री बंद. कुणावर चिडणं बंद. डायरी रोज.

मिश्री हे तसं व्यसन नाहीच. तंबाखू तव्यावर काळी भाजायची, पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. दात घासणंच झालं ते. नामपूरची माझी बहीण विठाआक्का घरी भाजते आणि ड्रायव्हरबरोबर डबा पाठवते. पण शैला म्हणते की वास येतो. बायकोचं मन मोडू नये. उद्यापासून बंद. डब्यात थोडी उरली आहे, ती टाकणं जिवावर येतं.

४ जानेवारी, बुधवार

डबा संपला. शब्द पाळला.

सकाळी सव्वासहाच्या मालेगावची घोषणा करताना तोंडात खारट लागलं. थुंकलो तर रक्त. थंडीचं होतं असं.

संध्याकाळी नामपूर गाडीने आक्काचा नवा डबा आला. डबा पाठव असा निरोप मीच दिला होता खरा, पण तो गेल्या वर्षी. आता परत पाठवला तर तिला वाईट वाटेल.

१२ जानेवारी, गुरुवार

मोठी बातमी. डेपो मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सगळ्या घोषणांची एकदाच कॅसेट भरणार आहेत. एकच आवाज, कायमचा. २७ एप्रिलला वरचे अधिकारी येणार, माझा आणि चिंतामणचा आवाज ऐकून ठरवणार. चिंतामणचं नाव कशाला घेतलं, कळत नाही. उगीच पोराला आशा.

साहेब म्हणाले, गंगाधरराव, अलीकडे तुमच्या स ला जरा शिट्टी लागते, तेवढं बघा. मी म्हटलं, माईक जुना आहे.

मी निवृत्त होईन, मरेनसुद्धा, पण कॅसेट वाजत राहील. शैलाला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, म्हणजे माझं घड्याळ बंद पडणार नाही.

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ नाही. कधी लागलंच नाही. स्टँडच्या मागच्या चाळीत राहतो. बारा वीसच्या नामपूरची माझी घोषणा स्वयंपाकघरात ऐकू आली की ती कुकर लावते, आणि मी एकला जेवायला येतो. सगळ्या चाळीत अशी सोय दुसऱ्या कुणाची नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

शैलाच्याही हिरड्यांतून रक्त येतं म्हणे. तिच्यामुळे मला दातांच्या दवाखान्यात जावं लागलं. रविवार कारंज्याजवळ, डॉ. लतिका. वय असेल सत्तावीस. मला काका म्हणाली.

आरसा घातला, टोचलं आणि पायरिया म्हणाली. हिरडी दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं, मग चांगला दातही हलायला लागतो. माझे वरचे समोरचे दोन आताच हलतात. मिश्री आजपासून बंद. पुढच्या आठवड्यात येऊन दात साफ करून घ्यायचे. आणि रोज रात्री दातांच्या फटींतून दोरा फिरवायचा!

प्रात्यक्षिक करून दाखवलं. हातभर दोरा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा. फटीत हळूच सरकवायचा, खसकन ओढायचा नाही. मग दाताला मिठी मारल्यासारखा वळवायचा, इंग्रजी सी काढतो तसा, आणि हिरडीच्या कडेपासून वर-खाली पुसायचं. प्रत्येक फटीला दोऱ्याचा नवा भाग. शैला शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती.

पहिले काही दिवस थोडं रक्त येईल, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाई स्वतःच्या तोंडाने म्हणाली. म्हणजे रक्त येणं चांगलं. खराब रक्त निघून जातं. तिनं तसे शब्द वापरले नाहीत, पण अर्थ तोच.

मेण लावलेल्या दोऱ्याची मुंबईहून आणलेली एकच डबी तिच्याकडे शिल्लक होती. ती मी शैलाला दिली. बायकी वस्तू आहे.

२४ जानेवारी, मंगळवार

आमच्या स्टँडवर बसल्या जागी जगातली कुठलीही वस्तू मिळते, फक्त कुठल्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगायचं ते कळलं पाहिजे. मोतीराम, माझा शाळेतला मित्र, मालेगावला कापडाच्या लूमवर आहे. त्याला निरोप धाडला. आज झिपरू ड्रायव्हरने नारळाएवढी सुताची गुंडी आणून दिली. खळ लावलेलं, कडक, तुटता तुटत नाही. वर्षभर पुरेल.

कशाला म्हणून झिपरूने विचारलं. सांगितलं तर हसत सुटला. म्हणे, भाऊ, हाई सूत दातसाठे नही शे, लुगडासाठे शे. ड्रायव्हर माणूस, त्याला काय कळणार.

दात साफ करायला गेलो नाही. खरवडल्याने दात ढिले होतात. हरसूल गाडीचा कंडक्टर सहादू याने साफ करून घेतले, वर्षाच्या आत दात पडला. गाडीच्या टपावरून तोंडावर पडला होता हे खरं, पण घट्ट दात असता तर टिकला असता.

शैला जाऊन साफ करून आली.

२८ जानेवारी, शनिवार

दोरा रोज. रात्री नव्हे, ड्यूटीवर, दोन गाड्यांच्या मधे. वेळेचा सदुपयोग. सी-बी काढायला सवड नाही. करवत चालवतो तसा सरळ खालपर्यंत नेतो, हिरडीत रुतला की समजायचं पोचला. रक्त भरपूर. समाधान वाटलं.

एकच तुकडा तीन दिवस वापरतो. धुऊन माईकच्या दांडीवर वाळत टाकतो. लंकाबाई झाडूवाली म्हणाली, भाऊ, हे काय टांगलंय, लय घाण वाटतं. वर तक्रार करणार म्हणे. करू दे.

१२ फेब्रुवारी, रविवार

शैलाचं रक्त थांबलं. कौतुकाने आरशासमोर उभी राहून हिरड्या दाखवत होती, गुलाबी. मी समजावलं की तुझ्यात खराब रक्त थोडंच होतं, संपलं. माझं अजून येतंय, म्हणजे माझा उपचार जास्त खोलवर चाललाय.

ती म्हणाली, अहो, एकदा माझ्या डबीतला दोरा घेऊन बघा, मी दाखवते कसा धरायचा. मी ओरडलो. ओरडायला नको होतं. पण नवऱ्याला दोरा धरायला शिकवायचा म्हणजे काय.

मिश्री जवळजवळ बंद. फक्त सकाळी, जेवणानंतर आणि दोरा फिरवल्यावर चुरचुरतं तेव्हा.

५ मार्च, सोमवार

माझ्या तोंडाला वास येतो असं चिंतामण बोलला. तोंडावर नाही बोलला. केबिनची खिडकी उघडली, ते बोलल्यासारखंच. वर मला म्हणाला, काका, मीठ-पाण्याच्या गुळण्या करता का, माझे आबा करायचे. त्याचे आबा! मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

संकल्प : चिंतामणशी बोलणं बंद.

२२ मार्च, गुरुवार

हिरड्या जरा सुजल्या आहेत. सूज म्हणजे मांस भरतंय. शैला म्हणते डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, २७ एप्रिल होऊ दे. आधी गेलो आणि तिनं दात उपटलाच तर? तेवढी अक्कल आहे मला.

एक कबुली, इथेच. भीती वाटते. जिभेने दात ढकलला की तो मागे जातो आणि परत येतो. दिवसभर जीभ तिथेच.

११ एप्रिल, बुधवार

रोज पहाटे सराव. सटाणा. सिन्नर. सुरगाणा. सप्तशृंगगड. कुणी ठेवली ही नावं.

भाकरी दुधात कुस्करून खातो. शैलाला सांगितलं की पोटाला हलकं बरं. तिनं माझ्या ताटात कुस्करलेली वाढली आणि स्वतःच्याही. तिला काय गरज होती? ऊस खाते ती हल्ली, मी पाहिलंय.

१९ एप्रिल, गुरुवार

उपाय सापडला आणि मलाच सापडला. हलणारे दोन दात शेजारच्या दोन घट्ट दातांना मालेगावच्या सुताने बांधून टाकले. इंग्रजी आठचा आकडा, मागे गाठ. खांबासारखे उभे आहेत. शिट्टी बंद! एवढं शिकून डॉक्टरणीला हे सुचलं नाही. सूत पांढरं असल्याने लांबून दिसतसुद्धा नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

उद्या. परीटघडीचा शर्ट तयार आहे. ठणका फार आहे, पण जाग्रणाने असेल. शैला म्हणाली की उद्या मी खिडकीपाशी बसेन, स्टँडवरचे कर्णे चालू ठेवायला सांगा. सांगितलं. उद्या सगळ्या स्टँडवर ऐकू जाणार.

२७ एप्रिल, शुक्रवार

लिहू की नको.

अधिकारी तिघे. टेप चालू. पहिला मान मला. मालेगाव झालं, हरसूल झालं, उत्तम. मग लाळेने सुताची खळ विरघळली का काय, गाठीचं एक टोक सुटून जिभेवर वळवळायला लागलं. नामपूरकडे जाणारी गाडी म्हणेपर्यंत ते घशाकडे गेलं आणि ठसका लागला. मी पाठ फिरवली आणि टोक धरून जरा ओढलं. जराच.

दात सुतासकट बाहेर आला. टेबलावर, गाड्यांच्या यादीवर पडला. दुसरा ओठावर लोंबत राहिला. शर्ट लाल.

माईक चालूच होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चिंतामणने स्वतःचा रुमाल दिला, पाणी आणलं, मला धरून बाकावर बसवलं. त्याचा राग सगळ्यात जास्त आला. मग तो उरलेली यादी वाचायला गेला. चांगली वाचली.

घरी आलो तर शैला दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

१० मे, गुरुवार

डॉक्टरीणबाईने लोंबणारा त्याच दिवशी काढला, आज आणखी एक. सूत दाखवा म्हणाली. दाखवलं. तिनं ते बोटांत ताणून बघितलं. म्हणाली, काका, यानं रोज हिरडी कापत होतात तुम्ही. आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवं होतं, थांबलं नाही तर या, असं सांगितलं होतं ना मी? जानेवारीत आला असतात तर कदाचित वाचले असते.

सांगितलं होतं. मला आठवतं. त्या दिवशी डायरीत लिहिलं नाही एवढंच.

मिश्री बंद केली का, विचारलं. मी हो म्हटलं. तिनं माझ्या काळ्या हिरड्यांकडे पाहिलं. शैला शेजारी बसली होती, तिनं जमिनीकडे पाहिलं.

२१ मे, सोमवार

कॅसेट सुरू झाली. साहेब भले माणूस, म्हणाले, गंगाधरराव, मशीन तुम्हीच सांभाळा, अनुभवी माणूस हवा. काम असं. घड्याळात बघायचं, गाडी लागली की बटण दाबायचं. चिंतामण बोलतो. परत बटण दाबायचं. चिंतामण थांबतो.

विठाआक्काला निरोप पाठवला, डबा पाठवू नकोस. झिपरू हल्ली नामपूर गाडीवर असतो, त्याला दोनदा सांगावा लागला, माझं बोलणं त्याला नीट कळेना.

३ जून, रविवार

सुट्टी. घरीच. भिंतीवर घड्याळ! कालच आणलं म्हणे, मेन रोडवरून.

मी विचारलं, घड्याळ कशाला, कॅसेट वाजते की वेळेवर, माझ्यापेक्षाही वेळेवर. शैला तांदूळ निवडत होती. म्हणाली, त्या आवाजावर भात लावायला माझं मन घेत नाही.

तेवढ्यात स्टँडकडून नामपूरची घोषणा ऐकू आली. स्वच्छ, एकही शिट्टी नाही. शैलाने मान वर केली, घड्याळात बघितलं, बारा वीस, आणि कुकर लावला. मी तोंड मिटून बसलो होतो.