गव्हाणीतले देठ

निडी, श्रावण वद्य पंचमी

प्रिय रंभा,

तुझं कार्ड पोचलं. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? मालूचे दात आले? आणि गाभण ढवळी सकाळी एका झटक्यात उठते ना? हसू नकोस गो, तिची चौकशी उगाच करत नाही.

यंदाही मखराला आपल्या डोंगरातली पानं धाडा, असं लिहिलंस. धाडणार नाही. जावईबापूंनाही ती आणू देऊ नकोस. ते दिसायला माडासारखं पण बुटकं झाड मोठं देखणं, मीच त्याला भुललो. पान कोवळं असताना त्याचं एकेक पातं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. पातं उजेडाला धरलं की मधोमध एकच शीर, बाजूच्या शिरा नाहीतच. देठाच्या बुडाशी दोन्ही अंगांना काटे. एवढं चष्मा लावून पाहिलं, पण ते गुराच्या पोटात गेल्यावर काय होतं ते वैशाखात कळलं. चारा संपला तशी आपल्या वासरानं तीच पानं खाल्ली. आठवड्यात मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. आता बसूनच आहे. जनू गुराखी म्हणाला, काका, इथली जुनी गुरं त्याला तोंड लावत नाय, तुमाला ठाव नव्हतं व्हय?

गेल्या गणपतीला एसटीच्या टपावरून मीच भारा पाठवला होता. मखर उतरल्यावर देवाजवळची पानं पायदळी जाऊ नयेत म्हणून, सासूबाईंनी सांगितलं तशी, तू ती रोज थोडी थोडी पाखऱ्या बैलाला घातलीस. दसऱ्याला मी आलो तर बैल मागून लुळा, आणि सासूबाई म्हणत होत्या, ही आली नि आमचा गोठा बसला.

आता खरं लिहितो. त्या दिवशी पाखऱ्याच्या गव्हाणीत मला देठ सापडले. पाती खाल्लेली, बुडाचे काटे तसेच. चाऱ्यात नवं तेवढंच होतं, मनात पाल चुकचुकली. कुणी बघायच्या आत मी ते चुलीत घातले. माझं नाव निघालं तर तुझं माहेर तुटेल, अशी मनाची समजूत घातली, आणि वर्षभर बोलणी तू खाल्लीस. पाकिटात एक पातं ठेवलंय. ते सासूबाईंना उजेडाला धरायला दे, आणि हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. चुलीची गोष्ट गाळू नकोस. त्या काय म्हणाल्या आणि ढवळी कशी उठते, ते पहिल्या टपालानं लिही. मी पोस्टमनच्या वाटेवरच बसलोय.

तुझाच,
बाबा