पाचशे ग्रेनची तयारी

३ ऑगस्ट, सकाळी ६
आजपासून नवी वही. मार्लिस या वहीला हात लावणार नाही. मी काय लिहितो याची तिला कधीच उत्सुकता नव्हती.
मागच्या अंगणातलं माशांच्या आतड्यांचं पिंप आडवं पडलंय. चिखलात पंज्याचा ठसा. त्यात माझा हात ठेवून पाहिला, भोवती जागा उरली. तपकिरी अस्वल, मोठं.
मार्लिस म्हणाली, मासे धुरावायच्या खोपटीत अख्ख्या हिवाळ्याचा सॅमन मासा टांगलाय, तिच्याभोवती ती विजेची तार आज लाव. तार जूनपासून शेडमध्ये आहे. लावतो म्हणालो.
पण तार म्हणजे बचाव. मार्लिस रोज पहाटे पाचला खोपटीत लाकडं सारायला जाते, एकटी. चौतीस वर्षांचा संसार आहे आमचा. तिला ओरखडाही येता कामा नये. ठरलं: लिव्हरवाल्या रायफलीसाठी पाचशे ग्रेन वजनाच्या जड गोळ्यांची काडतुसं घरी भरणार. दुकानातली हलकी असतात, हरणांना ठीक.
तिला सांगितलं, तुझी जबाबदारी माझ्यावर. ती माशांना मीठ चोळत होती. म्हणाली, "बरं."

६ ऑगस्ट
गोळ्या आल्या. पोस्टातली बाई खोका उचलताना म्हणाली, "वेंडेल, दगड मागवलेस का रे?" हसलो नाही.
टेबल पुसलं. काडतुसं भरायचा प्रेस त्यावर घट्ट केला. वजनाचा काटा तीनदा तपासला. आमच्या केनाई गावात एवढं नेटकं टेबल कुणाचं नसेल.
तार उद्या.

९ ऑगस्ट
वीस काडतुसं तयार! पितळी पुंगळी, तिच्यात दारू, वर गोळी, प्रेसचा दांडा खाली. गोळी पुंगळीत उतरताना हाताला जे जाणवतं ते फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर तीस वर्षांत एकदाही जाणवलं नाही.
एक बारीक अडचण. जड गोळी लांब असते. काडतुसं भरायच्या पुस्तकाप्रमाणे आत दाबली की दारूची जागा खाते. म्हणून थोडी बाहेर ठेवली. अगदी थोडी. पुस्तक लिहिणाऱ्याच्या अंगणात अस्वल येत नसणार.
शेजारचा हॉइट कॉफीला आला. चाळीस वर्षं शिकाऱ्यांना डोंगरात नेणारा माणूस. एक काडतूस उजेडात धरलं, खाली ठेवलं. म्हणाला, "लांब वाटतंय रे. आधी दारू न भरता एक खोटं काडतूस बनव, मॅगझिनच्या नळीतून लिव्हरने वर चढवून बघ. पाच मिनिटांचं काम."
बघतो म्हणालो. खोट्या काडतुसात एक चांगली गोळी फुकट घालवायची? हॉइट आता म्हातारा झाला. (माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण म्हातारा झाला.)

१२ ऑगस्ट
नेमबाजीच्या रेंजवर गेलो. तीन गोळ्या, तिन्ही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ. प्रत्येक काडतूस बाजूच्या फटीतून हाताने थेट चेंबरमध्ये, म्हणजे गोळी सुटते त्या जागी, ठेवलं. असंच करतात नेम तपासताना.
हॉइट तिथंही होता. विचारलं, "आणि मॅगझिनच्या नळीतून?" म्हटलं, बंदूक तीच आहे ना. तो बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला.
चाचणी यशस्वी.

१३ ऑगस्ट
रायफलीच्या धक्क्यांनी खांदा काळानिळा. तार उचलणं शक्यच नाही. डॉक्टरांनीही हेच सांगितलं असतं.
खोपटीच्या दारावर पाच ओरखडे, माझ्या छातीच्या उंचीवर. काल नव्हते.
मार्लिसने गावातून अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा आणून कमरेला अडकवला. मी म्हटलं, मिरची स्ट्यूत घालतात. ती म्हणाली, "तू तार लाव, मी फवारा स्ट्यूत घालते."

१७ ऑगस्ट, पहाटे ५:२०
पहारा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी, मांडीवर रायफल. मॅगझिनमध्ये चार काडतुसं. चेंबर रिकामं. घरात भरलेलं चेंबर नको हा मार्लिसचा नियम. हरकत नाही, लिव्हर एकदा खालीवर केला की काडतूस चेंबरमध्ये चढतं.
ती धुक्यात गेली. खोपटीचं दार वाजलं. मग काहीच नाही. मी एकशेचाळीसपर्यंत आकडे मोजले. कॉफी गार झाली. ती परत आली तेव्हा तळहाताचा घाम लाकडी दस्त्याला लागला होता. उकाडा फार.

१९ ऑगस्ट
मार्लिस म्हणते मी पहाऱ्यावर घोरत होतो. डोळे मिटून ऐकत होतो. धुक्यात डोळ्यांचा उपयोग नसतो.

२२ ऑगस्ट, संध्याकाळी ७
दिसलं. लख्ख उजेडात, आल्डरच्या झुडपांपाशी. मागच्या पायांवर उभं राहिलं. आधी खोपटीकडे बघितलं, मग घराकडे. नाक वर करून बराच वेळ वास घेत होतं.
गोळी झाडली नाही. कोन बरोबर नव्हता. रायफल कपाटात होती हेही एक.
मार्लिसने सगळं माझ्या मागून पाहिलं. या वेळी ती तारेबद्दल बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२५ ऑगस्ट
उद्या नक्की. सकाळी तार. दुपारी हॉइटचं ते खोटं काडतूस, त्याच्या समाधानासाठी. यादी करून फ्रिजवर लावली.

२६ ऑगस्ट, सकाळी ९
झालं ते नीट लिहून ठेवतो, उगाच गैरसमज नकोत.
५:१५. मार्लिस माशांचा ट्रे घेऊन खोपटीतून निघाली. अस्वल खोपटीमागून आलं. धावत नव्हतं. तिच्या मागोमाग चालत होतं. मी मागच्या दाराशी उभा, पूर्ण तयार. लिव्हर खाली ओढला. अर्ध्यावर थांबला. पुढे जाईना, मागे येईना. मॅगझिनमधून निघालेलं काडतूस बाहेरही पडेना, वरही चढेना. दोन्ही हातांनी ओढला. गुडघा लावून ओढला.
दरम्यान वाऱ्याने दार लागलं आणि कडी पडली.
मार्लिस पायरीवर पोचली. दाराची मूठ फिरवली. मग पाठ दाराला लावली. ती अस्वलाशी बोलत होती, अगदी हळू, आमच्या जुन्या कुत्र्याशी बोलायची तसं. मग फवाऱ्याचा आवाज. मग झुडपं मोडल्याचा आवाज. मग मी दार उघडलं.
ट्रे तिच्या हातातच होता. डोळे लाल. फवारा उलटा आला असणार.
एकूण, कुणालाही इजा नाही.

२६ ऑगस्ट, दुपारी
हॉइटने रायफल खोलली. काडतूस पक्कडीने ओढून काढलं आणि पुस्तकातल्या मापाशेजारी उभं केलं. मापापेक्षा दोन केसांइतकं जास्त लांब. मग तो पक्कड पुसत बसला. शिव्या तरी द्यायच्या होत्यास, म्हटलं.
मग तो आणि मार्लिस बाहेर गेले आणि तार लावून आले. चाळीस मिनिटं लागली.

२७ ऑगस्ट
मार्लिस जेवली, भांडी घासली, विणायला बसली. मी वाऱ्याचं सांगितलं. मागचं दार जुनं आहे, कडी सैल आहे, असंही.
तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मी मूठ तीनदा फिरवली, वेंडेल."
एवढंच.

२८ ऑगस्ट
ती तळ्याकडे बेरी वेचायला गेली. मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. खाडीकडून परवासारखाच वारा होता. मागचं दार उघडं सोडलं. वाऱ्याने लागलं. कडी जागची हलली नाही.
मग हाताने आपटलं. वहीत रेघा मारत गेलो. वीस वेळा. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. कडी एकदाही पडली नाही. घट्ट आहे ती, गेल्या वर्षी मीच बसवली होती. सरकवायला अंगठा लावून जोर द्यावा लागतो.
कडी मी लावली. मार्लिस बाहेर होती, आणि मी लावली. मला भीती वाटली होती.
स्क्रू काढून कडी उतरवली. मार्लिस परत आली तेव्हा कडी टेबलावर, काडतुसांशेजारी होती. तिने वहीतल्या वीस रेघा बघितल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने माझी वही वाचली. उभ्यानेच वाचली, शेवटपर्यंत.
मग बेरीची बादली ओट्यावर ठेवली. म्हणाली, "कडी परत बसव. थंडीत दार वाजतं. आणि पुढच्या वेळी लावण्याआधी बाहेर कोण आहे ते बघ."
बसवली. लावण्याआधी बाहेर बघितलं.