गुडघा जिन्यात, नेटवर्क माडीवर

शिरूर,
आश्विन वद्य चतुर्थी

चिरंजीव डॉक्टर संपतराव (अध्यक्ष, सांधे-स्नायू सेवा सुधार नेटवर्क, शिरूर-दौंड विभाग, एवढं लिहिलं नाही तर पोस्टमन पत्र परत आणेल अशी धास्ती वाटते) यांस दाजींचे आशीर्वाद पोहोचावेत. आपली प्रकृती उत्तम असणारच. हारांचं वजन मानेला पेलतंय ना, एवढंच विचारतो. इकडे सर्व क्षेम आहे, तुमच्या ललिताताईचा उजवा गुडघा वगळून.

तो वैशाखापासून धरलाय. इथल्या डॉक्टरांनी पूर्वी गोळी तरी दिली असती. पण ते आता नेटवर्कचे सभासद (प्रमाणपत्र काचेत लावलंय), त्यामुळे त्यांनी चिठ्ठी दिली आणि दौंडच्या व्यायामवाल्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी गुडघ्याकडे लांबूनच आदराने पाहिलं आणि सहविचारार्थ परत शिरूरला धाडलं. तसेच उठून दौंडातल्याच तुमच्या दवाखान्यात गेलो, तर कंपाउंडर म्हणाला, "सायब व्हय? शिरूरला गेल्यात. पेशंटपर्यंत पोचायची मिटिंग हाय." रुग्ण दौंडात, वैद्य शिरुरात! असला विरह मी वर्गात काव्यात शिकवतो. हाडांच्या बाबतीत प्रथमच अनुभवला.

मग परवा रविवारी तुमचा मेळावा. 'गुडघेदुखीच्या रुग्णांनी अवश्य यावे' असं निमंत्रण, म्हणून ललिता नवं पातळ नेसून निघाली. मेळावा मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर (खाली कुणाचा तरी साखरपुडा होता). ती चार पायऱ्या चढली आणि कठडा धरून बसली. तिथे वडगाव रासाईच्या गिताबाई आधीच बसलेल्या. "वर न्हाई गेला व्हय?" असं हिने विचारलं, तर म्हणाल्या, "वर जाता आलं असतं तर आले कशाला असते, बाई?"

मी एकटा वर गेलो. वर सगळ्यांचेच गुडघे ठणठणीत. सत्कार चालले होते. अध्यक्षांची बहीण जिन्यात अडकलीय, असं मी स्वयंसेवकाला सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजी, पेशंटचा कार्यक्रम जेवणानंतर." जेवण गच्चीवर होतं. इतक्यात रुग्णांच्या अल्प प्रतिसादाबद्दल खेद व्यक्त होऊन जनजागृतीसाठी उपसमिती नेमली गेली. टाळ्या पडल्या. (मीही वाजवल्या, शिष्टाचार सोडवत नाही.)

तुमचं भाषण कर्ण्यावरून जिन्यात स्वच्छ ऐकू येत होतं. 'रुग्ण हाच आमचा केंद्रबिंदू' याला गिताबाई मोठ्याने हसल्या. ललिता हसली नाही. "आवाज बसलाय त्याचा," म्हणाली. "येळेवर जेवतो का न्हाई, कुणास ठाऊक."

असो. कार्य थोर आहे, चालू द्या.

तुमचा दाजी,
ज्योतिबा

ता. क. तुम्हाला काही कळवायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. तेव्हा हे पत्र मी लिहिलेलं नाही.

पुन्हा ता. क. भाऊबिजेच्या आदल्या दिवशीच या. बॅनर नको, सचिव नको. हात तेवढे आणा आणि त्या गुडघ्याला लावा. आमचं घर तळमजल्यावर आहे.

आणखी एक. यंदा पाट मांडायचा नाही, तुम्हाला खुर्चीवर बसवून ओवाळायचं, असं तिने आत्ताच ठरवलंय. म्हणते, "वाकायला लागलं न्हाई म्हंजी त्याला कळायचं न्हाई."