पाचवे पत्र

तंजावूर,
शनिवार, सकाळी आठ

प्रिय वर्षा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. काम चार ओळींचे आहे, पण चार ओळींवर तू विश्वास ठेवणार नाहीस. तुझ्या अप्पांची तब्येत फार वाईट आहे. आधी तेवढे लिहून ठेवतो.

आम्ही तंजावुरातच आहोत, अप्पांच्या घरापासून सहा किलोमीटरवर, नदीकाठच्या एका रिसॉर्टात. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळाले नाही हे तू टीव्हीवर पाहिले असशील. अप्पा धरून त्यांच्या पक्षाचे पाच एमएलए निवडून आले आणि ते पाच ज्या आघाडीकडे जातील तिचे सरकार, असा हिशेब झाला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाचही जणांना 'अभ्यास शिबिर' म्हणून इथे आणले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गेले आणि फाटकाला कुलूप लागले. मला राहू दिले ते इन्सुलिनसाठी. अप्पा दुसऱ्या कुणाच्या हातून सुई टोचून घेत नाहीत.

पक्षाचा सरचिटणीस राममूर्ती आमच्यावर नजर ठेवतो. आत्ताही तो समोरच्या खुर्चीत आहे. काय लिहितोस म्हणून त्याने मघाशी वही मागितली. मी म्हणालो, अप्पांच्या पायासाठी मारुतीचे स्तोत्र उतरवतोय. त्याने पान दोन्ही डोळ्यांना लावले, वही परत दिली आणि याला त्रास देऊ नका असे बाकीच्यांना सांगितले. त्याला आपली मराठी लिपी येत नाही. इथे कुणालाच येत नाही. घरापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसवून अप्पांनी आपल्या दोघांना बाराखडी शिकवली होती, आठवते? तू पाटी पुसून पळायचीस आणि मी पुन्हा पुन्हा गिरवत बसायचो. मी अकरावीत नापास झालो तेव्हा अप्पांनी मला ऑफिसात घेतले. म्हणाले, अडे साई, तू नापास झालास, तुझे अक्षर नाही.

आता पायाचे सांगतो. प्रचारात अप्पा ओरत्तनाडूकडच्या गावांतून शेताच्या बांधांवरून अनवाणी फिरले. उजव्या अंगठ्याला काटा लागला. मी रोज औषध लावत होतो, पण इथे आल्यावर अंगठा काळा पडला. सूज किती चढते हे कळावे म्हणून मी दररोज सकाळी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढतो. रोज लाली रेघेच्या पुढे गेलेली असते. परवा रेघ घोट्यावर होती, आज पोटरीवर आहे. ताप एकशे तीन. यांनी आणलेल्या डॉक्टरने दारातूनच पाहिले आणि गोळ्या लिहून दिल्या. खोलीत वास येतो, म्हणून कुणी आत येत नाही.

तुझ्या आई भागीरथीअम्मा गेल्या तेव्हा अप्पा पक्षाच्या बैठकीत होते, हे तू विसरली नाहीस. तेही विसरलेले नाहीत. तापात ते कालव्याच्या टोकाला पाणी पोचले का म्हणून विचारतात, आणि लगेच, वर्षाला शाळेला उशीर होतोय, सायकल काढ, म्हणतात.

जी आघाडी आज सरकार बनवते आहे, तिच्याबरोबर जाणार नाही असे अप्पांनी गावोगावी सांगितले होते. म्हणून चौघांनी पाठिंब्याची पत्रे दिली तरी अप्पांनी दिले नाही. राममूर्ती त्यांना म्हणाला, थोरले, तुमच्या एका हट्टापायी चौघांची मंत्रिपदे अडली. अप्पा म्हणाले, माझा पाय अडलाय तेवढा पुरे नाही का रे? त्या दिवशी ते अजून थट्टा करू शकत होते.

आमच्या ऑफिसची पद्धत तुला माहीत आहे. कॉलेजप्रवेश, इस्पितळातली खाट, बदली, अशा शिफारशींसाठी लोक सकाळपासून रांगेत असतात. अप्पा आंघोळ करून आले की वीस-पंचवीस कोऱ्या लेटरहेडांवर खाली सही करून ठेवायचे आणि वरचा मजकूर मी भरायचो. इतक्या वर्षांत त्यांनी एकही कागद पुन्हा वाचला नाही. इथे येताना माझ्या फायलीत तसे सात होते. राममूर्तीने ते कसे ओळखले कोण जाणे. बुधवारी त्याने मला बाजूला घेतले, खांद्यावर हात ठेवला आणि धाकट्या भावाला म्हणावे तसे म्हणाला, तंबी, पाचवे पत्र आले की दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्स फाटकाशी उभी. मी आत जाऊन रेघ पाहिली. मग टेबलाशी बसून राज्यपालांच्या नावे तमिळमध्ये पत्र लिहिले, तारीख घातली, एकही खाडाखोड केली नाही.

दुपारी ते पत्र टीव्हीवर दाखवले. बाहेर फटाके वाजले, म्हैसूरपाक वाटला. अप्पा शुद्धीत होते. पडद्याकडे पाहून म्हणाले, अक्षर छान आहे रे साई. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. सुईसाठी दंड तेवढा पुढे करतात.

ॲम्ब्युलन्स आली नाही. सोमवारी सभागृहात विश्वासमत आहे आणि बहुमत बरोबर एका मताचे आहे. राममूर्ती म्हणतो, मत पडेपर्यंत अप्पा इथेच, चाकाच्या खुर्चीतून नेऊ. सोमवारपर्यंत ते राहतील असे मला वाटत नाही.

म्हणून हे लिहिले. स्वयंपाकघरात केळीची पाने देणारी अखिला हे पानांखाली घालून नेईल. तिचा नवरा मदुरैच्या बसवर कंडक्टर आहे, दुपारपर्यंत मदुरैत तुझ्या हातात देईल. लगेच वकील गाठून हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठात, डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायचा, हेबियस कॉर्पसचा अर्ज कर. सुट्टी असली तरी असे अर्ज ऐकतात, असे मी पेपरात वाचले आहे. न्यायाधीश विचारतील, स्वतः पाठिंबा देणाऱ्या माणसाला डांबले कसे म्हणता? तेव्हा हे पत्र पुढे कर. पाचवे पत्र अप्पांचे नाही. ते मी लिहिले, त्यांना न विचारता. उरलेली सहा कोरी लेटरहेडे सोबत आहेत, सही खाली आहे, वर काही नाही. त्यांच्यावर तूही काही लिहू नकोस, कितीही घाई असली तरी. सरकार पडेल, मला तुरुंगात नेतील, ते होऊ दे. आधी इस्पितळ.

कोर्टात हे सगळे तमिळमध्ये उतरवून मोठ्याने वाचतील, अगदी सहीपर्यंत. इतक्या वर्षांत तुला एकही पत्र टाकायचा धीर झाला नाही. आता अनोळखी माणसे वाचणार हे माहीत असूनही, सहीच्या वरचा शब्दही खाडाखोड न करता लिहितो.

तुझाच,
ग. साईराम