लस दिसत नाही

५ मे २०२५, घाटनांदूर

साखराबाईंचा कळप टोचायचा राहिला. दोनशे चाळीस मेंढ्या. आंत्रविषाराची लस आत्ता आणि पुन्हा एकवीस दिवसांनी द्यायची. उशीर झाला तर पावसाचं कोवळं गवत खाऊन मेंढ्या मरायला लागतील.

त्यांच्या मुलाने, आश्रुबाने (गेल्या वर्षी मी आले तेव्हा तो गावात नव्हता) विचारलं, "ताई, डागदर कवा येणार?"

"मीच."

त्याने माझ्या मागे पाहिलं! मागे फक्त स्कूटी होती.

साखराबाई तंबाखू मळत म्हणाल्या, "बघू चार दिसांनी." म्हणजे नाहीच.

६ मे

त्यांच्याकडे सोमेश्वर येऊन गेला म्हणे. पदविका नाही, परवाना नाही. पांढरा कोट आहे, गळ्यात स्टेथोस्कोप. टोचतो ते ताकदीचं औषध. लालभडक दिसतं — लोकांना तेच पटतं.

७ मे

प्रश्न नीट मांडते. माणसं कामापेक्षा दिसण्याला का मानतात?

मूर्ख असतात म्हणून — हे उत्तर सोपं आहे, आणि चूक. दिसणं लगेच कळतं, काम कळायला वेळ लागतो. लसीचं तर त्याहून अवघड. लागू पडली की काहीच घडत नाही. मेंढी चरत राहते. न आलेलं मरण कुणाला दाखवणार? ज्याला आजच ठरवायचंय, तो कोटच बघणार. मीही केजला जीपमध्ये बसताना आधी ड्रायव्हरचं तोंड बघते.

उत्तर पटलं. राग गेला नाही.

८ मे

दवाखान्यातले शिपाई बजरंगकाका म्हणाले, "म्याडम, कपाटातला कोट घाला की."

"कोटाने लस जास्त लागू पडत नाही."

"पर आदी टोचू तर दिली पायजे!"



९ मे

कोट घातला. २४० पैकी २४०. आश्रुबाने बसायला पोतं टाकलं, "डागदरीणबाई" म्हणाला. साखराबाई एकेक मेंढी धरून देत होत्या.

काम झालं. पण जिंकला कोट.

१० मे

कोट परत कपाटात.

३० मे

दुसरा डोस पूर्ण. बऱ्याच मेंढ्यांच्या डाव्या कानाला जुना काप आहे. मागच्या वेळीही दिसला होता, मालकीची खूण समजले होते. पण मग सगळ्यांनाच का नाही? आज विचारलं.

साखराबाई म्हणाल्या, "गेल्या साली निम्म्याच टोचू दिल्या न्हाईत का तुला? टोचलेल्यांचे कान कातरले. पावसात बिनकापाच्या एकोणीस गेल्या. कापाच्या दोन."

गेल्या वर्षी मी तो अविश्वास समजले होते. तो प्रयोग होता!

"मग यंदा चार दिवस का थांबवलंत?"

"निम्मा कळप पाली गावाला, एकाच्या शेतात खतासाठी बसवला हुता. सगळ्या एकदम टोचायच्या हुत्या."

"आणि सोमेश्वर?"

"ह्या आश्रुबानं आणलता. मी हाकलला."

"मला वाटलं, कोट बघून—"

"कसला कोट, बाई? मी मेंढ्यांकडं बघत हुते."